आतला पत्ता

माणसाला नाव असते तसा पत्ताही असतो. परंतु नावाविषयी माणूस जितका जागरूक असतो तितका पत्त्याविषयी नसतो. नाव कोणी वेडेवाकडे उच्चारले तर त्याला राग येतो. पत्ता चुकला तर मात्र तो टपालखात्यास दोष देऊन मोकळा होतो. आमच्या मालवण तालुक्यात तर पत्ता ही वस्तू पुष्कळ काळ जवळजवळ अनावश्यकच होती. नाव, वाडी, मुक्काम आणि पोस्ट एवढे लिहिले की पत्र पोहोचे. एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असली तरी पोस्टमन गोंधळत नसे. कोणाचा मुलगा मुंबईस आहे, कोणाचा बोटीवर आहे, आणि कोणाच्या घरी मनीऑर्डर महिन्याच्या दहा तारखेच्या आत येते, हे सारे त्याच्या तोंडपाठ असे.

त्या पत्रांचे दुसरे टोक मुंबईत असे, आणि तेथील व्यवस्था तर विशेष विचार करण्याजोगी होती. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला गेलेले कोकणी लोक बहुधा आपापल्या गावच्या खोलीत राहात. खोली एक, ट्रंका वीस, आणि माणसेही तितकीच; पाळीपाळीने कामास जाणारी आणि पाळीपाळीनेच निजणारी. माझे एक चुलते अशा खोलीत बावीस वर्षे राहिले. पोस्टमनच्या दृष्टीने त्या सर्वांस मिळून एकच पत्ता होता: चाळीचे नाव आणि खोलीचा नंबर. कोण कोठल्या कोपऱ्यात निजतो, कोणाची ट्रंक खिडकीखाली आहे, हे त्याने जाणण्याचे कारण नव्हते. ते खोलीतला एखादा जुना रहिवासी जाणे. पत्र आले की तो नाव वाचून ते ज्याच्या त्याच्या ट्रंकेवर ठेवी. आता समजा, एखाद्या नवख्या पोराने घरी पत्र लिहिले आणि आपला पत्ता म्हणून ‘खिडकीखालची तिसरी ट्रंक’ एवढेच कळवले, तर? पत्ता खोटा नाही. खोलीतल्या माणसाला तो पुरेसाही आहे. परंतु तो कागद घेऊन पोस्टात गेलेल्या त्याच्या आईला पोस्टमास्तरांनी काय सांगावे?

ही तिसरी ट्रंक मला २०२३ साली माझ्या आत्याच्या घरी सापडली; आणि तिने एका धडधाकट कानांच्या बाईस वर्षभर बहिरी ठरवून ठेवले होते.

माझी आत्या ऐंशीच्या घरातली. मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दडलेल्या एका वाडीत ती एकटी राहते. एकटी म्हणजे आमच्याकडे ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने; दिवसातून चार शेजारणी येऊन जातात, रात्री सोबतीला एक मुलगी निजते, आणि माडांची पाडप करणारा गडी घरच्यासारखाच आहे. दृष्टी मंद झाली आहे. बाकी शरीर व जीभ उत्तम. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, टोरांटोला असतो. वाडी घळीत असल्यामुळे भ्रमणध्वनीचे तरंग डोंगरावरून सरळ पुढे समुद्रावर निघून जातात. माडावर चढल्याशिवाय त्यांची भेट होत नाही. म्हणून घरातला तारेचा फोन हाच तिचा आधार होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेस गेले, विजेचे खांब काटक्यांसारखे मोडले, आणि फोनची तार जी तुटली ती पुन्हा जोडली गेली नाही. पुढल्या वर्षी एका स्थानिक केबलवाल्याने काचेच्या तंतूची जोडणी वाडीपर्यंत आणली. तेव्हा मुलाने ठरवले की आईचा फोन आता इंटरनेटवरून चालवावा.

कोणी म्हणेल, त्यात एवढे काय? हाती घ्यायचे काचेचे यंत्र आणून दिले की झाले. तेही करून पाहिले होते. मंद दृष्टीच्या आणि आयुष्यभर नारळ सोललेल्या बोटांच्या बाईला त्या गुळगुळीत पाटीवर नेमके कोठे टेकावे हे उमगत नाही, आणि तिने ते उमगून घ्यावे असा आग्रह धरण्यात मला तरुण पिढीचा थोडासा आळसच दिसतो. तिला हवा होता तो जड रिसीव्हर, ज्याची बटणे बोटाला लागतात आणि ज्याची घंटा परसात ऐकू येते. म्हणून जुनाच फोन ठेवून त्याला एक लहानसा अ‍ॅडॉप्टर जोडला. तो अ‍ॅडॉप्टर राऊटरला. आणि तिकडे मुलाने ओळखीच्या एका तंत्रज्ञाकडून भाड्याच्या सर्व्हरवर अ‍ॅस्टेरिस्क नावाचे फोन-एक्स्चेंज बसवून घेतले. हे एक्स्चेंज १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन तरुणाने लिहावयास घेतले. टेलिफोनची यंत्रसामग्री विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने ती स्वतःच लिहिली, आणि पुढे सर्वांस फुकट दिली. गरजवंताने केलेली वस्तू गरजवंताच्या घरी आली, इतके मी त्यावेळी मनात म्हटले आणि ते प्रकरण विसरून गेलो.

घंटा वाजू लागली. दर रविवारी टोरांटोच्या सकाळी नऊ वाजता, म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे साडेसहाला, नेमकी दिवेलागणीच्या वेळी. आत्या रिसीव्हर उचली आणि बोलू लागे. पाऊस, माडांवरची कीड, अमक्याच्या सुनेचे बाळंतपण. मुलाला शब्द न् शब्द ऐकू येई. परंतु तो काही विचारी त्याला उत्तर मिळत नसे. “आये, ऐकतेस ना?” असे तो ओरडे, आणि आत्या शांतपणे म्हणे, “अरे, बोलतस काय नाय तू?” मग दोन्हीकडे शांतता, आणि फोन बंद.

पहिल्या महिन्यात यंत्राला दोष देऊन झाला. परंतु मौज अशी की आत्याने स्वतः बटणे दाबून मुलाला फोन लावला तर तिला सारे ऐकू येई! मुलाने लावला की नाही. हे वाडीत पसरायला वेळ लागला नाही, आणि त्याचा निष्कर्षही तात्काळ निघाला: म्हातारीला स्वतःला बोलायचे असले की ऐकू येते, दुसऱ्याचे ऐकायचे असले की येत नाही. हे वाक्य म्हाताऱ्या माणसांविषयी इतक्या घरांतून इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते खरे की खोटे हे तपासण्याची कोणाला गरजच वाटली नाही. कुडाळहून श्रवणयंत्र आले. ते लावल्यावर आत्याला समुद्राची गाज डोक्यात घुमते असे वाटू लागले, म्हणून ते डबीत गेले. मुलाने मला लिहिले, ‘ती माझे ऐकतच नाही.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही त्याच्या मनात होते.

२०२३ सालच्या चतुर्थीला, म्हणजे १९ सप्टेंबरच्या सुमारास, मुंबईचे सगळे चाकरमानी घरी जमले. दीड दिवसांच्या गणपतीचे विसर्जन झाल्यावर ओसरीवर बैठक बसली, आणि अशा बैठकीत होते तसे जिच्याविषयी बोलायचे तिला माजघरात चहा करायला धाडण्यात आले. ठरले ते असे: दृष्टी गेली, आता कानही गेले, एकटीला ठेवणे बरे नव्हे, दिवाळीनंतर ठाण्यास पुतण्याच्या बिऱ्हाडी न्यावे आणि घराला कुलूप लावावे. कोकणात घराला कुलूप लावण्याचा अर्थ काय होतो हे वाचकांस सांगावयास नको. पहिल्या पावसात कौले, दुसऱ्यात वासे. सर्वांचा हेतू चांगला होता. वाईट हेतूशी भांडता येते.

चहा घेऊन आलेली आत्या माझ्याजवळ टेकली आणि अगदी हळू, इतरांना न कळेल अशा आवाजात मला म्हणाली, “झिला, तुझो आवाज माका ऐकाक येता, मगे त्येचोच कित्याक येणा नाय?”

मी तितक्याच हळू आवाजात उत्तर दिले, आणि ते तिने ऐकले. खाली किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची आरोळी चालू होती. त्यात कोणाचा आवाज आज नाही हेही तिने मला सांगितले. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तीस वर्षे मुलांना एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने सांगत आलो आहे: दोष कोणत्या परिस्थितीत दिसतो आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही हे आधी लिहून काढा. कान फोन कोणी लावला याची चौकशी करत नाहीत. ज्या बहिरेपणाला ही चौकशी करता येते तो कानात असणे शक्य नव्हते. तो तारेत कोठेतरी होता.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आकड्यांचा पत्ता असावा अशी योजना सप्टेंबर १९८१ मध्ये कायम झाली. आमचा सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, दोघेही समवयस्क. त्या योजनेत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते मावत होते. विद्यापीठांच्या आणि लष्कराच्या काही शेकडा यंत्रांपुढे ही संख्या तेव्हा अक्षय पात्रासारखी वाटली असली पाहिजे. दहा-बारा वर्षांतच ते पात्र रिकामे होणार असे दिसू लागले. भारतात सामान्य जनतेस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे पंगतीस आपण बसलो तेव्हा वाढपी तळाशी खरवडू लागला होता. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी एक तोड सुचवली. घराच्या आत कोणतेही पत्ते द्या; दारावर एक दारवान बसवा; बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा आतला पत्ता खोडून त्याने दाराचा पत्ता लिहावा आणि कोणाचे पाकीट कोणत्या क्रमांकाच्या खिडकीतून गेले याची नोंद आपल्या वहीत ठेवावी; उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्याला द्यावे. गावच्या खोलीतल्या जुन्या रहिवाशाचे हेच काम. यालाच आज नॅट म्हणतात आणि हा दारवान म्हणजे आपल्या घरातला राऊटर. फेब्रुवारी १९९६ मध्ये आतल्या वापरासाठी काही पत्ते राखूनच ठेवण्यात आले. आपल्या राऊटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता दिसतो तो त्यांपैकीच. तो माझ्या घरी आहे, आत्याच्या घरी आहे, टोरांटोतही आहे. खिडकीखालची तिसरी ट्रंक प्रत्येक खोलीत असतेच.

ही तोड तिच्या कर्त्यांनी तात्पुरती म्हणूनच मांडली होती. आमच्याकडे एका पावसाळ्यापुरते म्हणून झापांचे छप्पर घालतात आणि ते दहा पावसाळे काढते, तसे झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि तरीही जग चालू राहिले ते या झापांखाली.

वाचन-लेखनाच्या व्यवहारात या दारवानाचा काही उपद्रव होत नाही. आपण विचारतो, उत्तर येते; वहीत नोंद ताजी असते. फोनची गोष्ट निराळी. पहिली अडचण अशी की फोन न विचारता येतो. बाहेरून अकस्मात आलेले पाकीट कोणाचे हे दारवानाने कसे ओळखावे? शिवाय तो विसराळू असतो. काही वेळ कोणी बोलले नाही, पुष्कळदा अर्धा मिनिट देखील पुरते, की तो नोंद पुसून टाकतो. यावर उपाय म्हणून अ‍ॅडॉप्टर दर पंचवीस-तीस सेकंदांनी एक्स्चेंजला रिकामे पाकीट धाडून ‘मी आहे, मी आहे’ असे सांगत राहतो. आत्याच्या घरी हे व्यवस्थित होत होते. म्हणून घंटा वाजत होती.

दुसरी अडचण खोल आहे, आणि आमचा दोष तेथेच होता. इंटरनेटच्या फोनमध्ये घंटा आणि आवाज हे दोन निराळे टपाल आहेत. घंटेचे टपाल ज्या पद्धतीने चालते तिला सिप म्हणतात. तिचा पहिला मसुदा मार्च १९९९ चा आणि आज चालू असलेला जून २००२ चा. या टपालात दोन्ही फोन एकमेकांस पत्र लिहून कळवतात की माझा आवाज अमुक भाषेत बांधलेला असेल आणि तुमचा आवाज तुम्ही अमुक पत्त्यावर अमुक खिडकीत पाठवा. हा पत्ता पाकिटावर नसतो, आतल्या कागदावर असतो. दारवान पाकिटावरचा पत्ता बदलतो; कागद वाचण्याचे काम त्याचे नव्हे. तेव्हा घंटा पोहोचते, उचललेला रिसीव्हर कळतो, सर्व काही सुरळीत झाल्यासारखे दिसते, आणि समोरचा माणूस आपला आवाज प्रामाणिकपणे १९२.१६८.१.२० या पत्त्यावर, म्हणजे तिसऱ्या ट्रंकेवर, पाठवू लागतो. तो कोठेच पोहोचत नाही. उलट दिशेचा आवाज मात्र बिनचूक जातो, कारण बाहेरच्या एक्स्चेंजचा पत्ता खरा, जगजाहीर असतो. एका बाजूस ऐकू येते, दुसऱ्या बाजूस नाही. या धंद्यातल्या लोकांस हा आजार इतका परिचित आहे की लक्षण सांगताच ते रोगाचे नाव सांगतात. याची एक बहीणही आहे: बोलणे छान सुरू होते आणि बरोबर बत्तिसाव्या सेकंदास तुटते. तेथे फोन उचलल्याची पोच हरवलेली असते. एक पक्ष पुन्हा पुन्हा कळवतो, पोचेची वाट पाहतो आणि नेमाप्रमाणे बत्तीस सेकंदांनी आशा सोडतो. माणसे याहून कमी वेळात सोडतात.

परंतु मग आत्याने स्वतः फोन लावला असता तिला ऐकू कसे येई? या प्रश्नाने मला दोन रात्री जागवले. मी अ‍ॅडॉप्टरमधून निघणारी पत्रे माझ्या संगणकावर उतरवून घेतली. आतेभावाने एक्स्चेंजवर पोहोचलेली पत्रे टोरांटोहून मला धाडली. आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका पडताळाव्यात तशी मी ती ओळीने पडताळली. तेव्हा दिसले की आत्याने फोन लावताना जे पत्र निघाले त्यातला १९२.१६८.१.२० हा पत्ता वाटेत कोणीतरी खोडून तेथे दाराचा पत्ता लिहिला होता. मुलाने फोन लावल्यावर आत्याकडून जे उत्तराचे पत्र गेले, त्यात मात्र तो तसाच होता. राऊटरमध्ये सिप एएलजी नावाचा एक कारकून बसवलेला असतो. दारवानाच्या मदतीस दिलेला हा माणूस पाकिटे फोडून आतला कागद वाचतो आणि आपल्या बुद्धीने दुरुस्त करतो. हेतू उत्तम, परंतु पुष्कळ राऊटरांमध्ये हा कारकून अर्धवट शिकलेला असतो. आमच्या कारकुनाला निघणारे निमंत्रण दुरुस्त करणे ठाऊक होते, आणि आलेल्या निमंत्रणाचे उत्तर दुरुस्त करणे ठाऊक नव्हते. एवढ्याशा अज्ञानावर एका बाईचा स्वार्थी बहिरेपणा सिद्ध झाला होता.

आणि टोरांटोस हा दोष कसा दिसला नाही? त्याचेही उत्तर त्या पत्रांतच मिळाले. मुलाचा फोन नव्या पद्धतीचा. पत्र लिहिण्यापूर्वी तो बाहेरच्या एका परक्या यंत्रास विचारून घेतो की मी तुम्हास कोणत्या पत्त्यावरून बोलताना दिसतो. या विचारपुशीस स्टन म्हणतात. तिचा नियम मार्च २००३ मध्ये ठरला. आपण बाहेरून कसे दिसतो हे आपल्याला ठाऊक नसते, ते परक्याला विचारावे लागते, ही गोष्ट यंत्राने शिकावी याचे मला कौतुक वाटले. आत्याच्या जुन्या अ‍ॅडॉप्टरला ती शिकवण नव्हती.

एका रविवारी आम्ही दोघे दोन टोकांस बसलो. प्रथम कारकुनास निरोप दिला. त्याबरोबर आत्याला दोन्ही तऱ्हांनी ऐकू येईनासे झाले, आणि माझ्या जवळ उभ्या असलेल्या शेजारणीने “सरांनी होता तोही बिघडवला” अशा अर्थाचा चेहरा केला. परंतु दोष सारखा झाला की अर्धे काम होते. लहरी दोषाशी झुंजता येत नाही. मग एक्स्चेंजला नवी शिकवण दिली. घंटेच्या बाबतीत, पाकीट ज्या दारातून खरोखर आले त्याच दारी परत पाठवावे, हे त्याला पहिल्यापासून सांगितलेले होते. आवाजाविषयी तेच सांगणे त्या तंत्रज्ञाकडून राहून गेले होते. ते सांगितले: पत्रात कोणताही पत्ता लिहिलेला असो, आत्याचा आवाज ज्या दारातून येताना दिसेल त्याच दारी मुलाचा आवाज पाठव. आणि दोन्ही फोनांस एकमेकांशी परभारे बोलावयास लावू नको. मध्यस्थी तूच कर. एवढ्या ओळी लिहावयास पाच मिनिटे लागली.

घंटा वाजली. आत्याने रिसीव्हर उचलला आणि सवयीने लगेच बोलण्यास आरंभ केला. पावसाचे सांगून झाले, आणि मध्येच ती थांबली. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. तिकडून काय बोलणे चालले होते ते मला कळले नाही आणि कळण्याचे कारणही नव्हते. मी खळ्यात जाऊन उभा राहिलो.

नंतर तिने मला सगळे समजावून मागितले. सर्व्हर, राऊटर असल्या शब्दांनी काही साधेना. मग मी पी. पी. नंबरची आठवण दिली. तिच्या तरुणपणी वाडीत फोन नव्हता. बाजारातल्या वाण्याच्या दुकानात होता. मुंबईच्या माणसांना आम्ही तो नंबर ‘पी. पी.’ म्हणून देत असू. तिकडून ट्रंककॉल आला की वाणी एका पोराला पिटाळी, आणि बोलावणे आलेला माणूस ओल्या हातांनी धावत दुकान गाठी. अनेक घरांस मिळून एक नंबर, आणि कोणाला बोलवायचे ते वाण्याला माहीत. आत्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे वाण्यान पोर धाडूकच नाय!” एवढ्या थोडक्यात ही गोष्ट मी माझ्या वर्गात कधी सांगू शकलो नसतो. मग जरा थांबून, ओसरीवरच्या बैठकीकडे जणू पाहात, ती म्हणाली, “मी बहिरी नाय, ह्यां माका म्हायत होतां.” दिवाळीनंतर ठाण्यास जाण्याचा विषय त्या वर्षी निघाला नाही. पुढे तो निघणारच नाही असे मी म्हणत नाही. दृष्टीचा प्रश्न कोणत्याही सर्व्हरवर सुटत नाही.

नॅटची बाजू घेणारे लोक म्हणतात की त्यामुळे घर सुरक्षित राहते. बाहेरच्यास आतले काही दिसत नाही. मला हे समर्थन ओशाळवाणे वाटते. आमच्या समोरच्या सिंधुदुर्गाचा दरवाजा समुद्रातून येणाऱ्यास अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तट तेथे असा वळवून घेतला आहे की शत्रूची होडी भिंतीपुढे चाचपडत राहावी. १६६४ साली ज्यांनी त्या कामास हात घातला त्यांनी हे जाणूनबुजून केले, आणि घरच्या होडीवाल्यास वाट ठाऊक असावी याचीही काळजी घेतली. नॅटमध्ये दार लपले ते पत्ते संपले म्हणून. टंचाईतून निघालेल्या आडोशाला तटबंदी म्हणणे म्हणजे वीस माणसांच्या खोलीस एकत्र कुटुंब म्हणण्यासारखे आहे. पहारा ठेवावयाचा तर तो वेगळा ठेवता येतो. फायरवॉल त्यासाठीच आहे. खरा उपाय १९९० नंतरच्या दशकातच तयार झाला. आयपीव्ही६ या नव्या योजनेत पत्ते इतके आहेत की आत्याच्या परसातल्या प्रत्येक माडास एक देऊनही संख्या कमी झालेली कळणार नाही. तेथे आतला पत्ता आणि बाहेरचा पत्ता हा भेदच उरत नाही. आपल्या देशात २०१६ नंतर भ्रमणध्वनीच्या जाळ्यांतून ही योजना झपाट्याने पसरली. वाडीतल्या केबलवाल्यापर्यंत ती अद्याप पोहोचावयाची आहे. तोपर्यंत झापे शाकारणे आले.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी वीज पडून आत्याचा राऊटर जळाला. केबलवाल्याचा तरुण माणूस नवा घेऊन आला. मधल्या काळात त्याच्या मालकाने गिऱ्हाइके वाढली म्हणून स्वतःच्या कचेरीतही एक दारवान बसवला होता. आत्याच्या राऊटरला आता मिळाला तो १००.६४ ने सुरू होणारा पत्ता, जो अशाच दुहेरी दारांसाठी एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवलेला आहे. म्हणजे खोलीच्या बाहेर आणखी एक खोली. एक्स्चेंज पाकीट येताना पाहूनच उत्तर देत असल्यामुळे त्याला दारे एक की दोन याची फिकीर नव्हती. पण मी हे त्या मुलाशी बोलत असताना माजघरातून आत्याचा आवाज आला: “ह्या नव्या डब्यात तो शाणो कारकून आसा काय बघ. आसलो तर आधी त्येका घराक धाड.”

तो मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला सेटिंग कोठे असते ते दाखवले. कारकून हजर होताच. कारखान्यातून येतानाच तो बसवून दिलेला असतो.